फुंकरीचे अडीच तास

ऋजुताच्या आईचा दिवस अडीच तासांचा होता. सकाळी साडेसातला सुरू व्हायचा आणि दहाला संपायचा. उरलेल्या वेळात ती जेवायची, झोपायची, शेजारणीशी गप्पा मारायची, कुणाला टोमणाही मारायची. पण त्यातलं काही साठायचं नाही. दुपारी ऐकलेलं तिन्हीसांजेपर्यंत पुसलं जायचं. सकाळच्या त्या अडीच तासांत जे कानावर पडेल, डोळ्यांना दिसेल, तेवढंच आत पक्कं बसायचं आणि मग कायमचं राहायचं.

म्हणून तिचे यजमान गेल्याचं तिला तीनदा सांगूनही कळलं नव्हतं. तिन्ही वेळा दहा वाजून गेले होते.

आईला मधुमेह जडला तो पन्नाशीच्या आत. सांगलीच्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. फळ्यापाशी उभी असतानाच चक्कर आली, तपासण्या झाल्या, आणि त्या दिवसापासून घरातला साखरेचा डबा स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला. पथ्य तिनं गणितासारखंच काटेकोर पाळलं. तरी सत्तरीच्या आसपास गोष्टी निसटू लागल्या. एकदा तर शेजारच्या घरी एकाच दिवशी दोनदा विरजण मागून आली, तेव्हा ऋजुताच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला मिरजेला डॉक्टर मगदूम यांच्याकडे नेलं.

मगदूमबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायची त्यांना घाई नसे. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं, पण शरीराला मिळणाऱ्या इंधनातला पाचवा हिस्सा तो एकटा खातो, इथून त्यांनी सुरुवात केली होती. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची अस्तरं जाड होतात आणि रसद तुटायला लागते. पण त्याहून मोठं नुकसान निराळंच असतं.

"बाकीच्या शरीरात इन्सुलिन साखरेला पेशीचं दार उघडून देतं, हे तुम्हाला माहीतच आहे," त्या म्हणाल्या होत्या. "मेंदूत त्याला आणखी एक काम असतं. कानाच्या मागे, आत खोलवर, करंगळीएवढा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. नवी गोष्ट घडली की तिथल्या पेशी एकमेकींशी सांधे जोडतात. तो सांधा पक्का करा, हा निरोप ज्यांच्यामार्फत जातो, त्यांत इन्सुलिन एक. आता एखाद्या घरात रात्रंदिवस रेडिओ मोठ्यानं चालू असला, तर काही दिवसांनी घरच्यांना तो ऐकूच येईनासा होतो. तसं झालंय. पेशी मेलेल्या नाहीत, अप्पा. त्या ऐकत नाहीत."

"मग हिला ऐकू कसं आणायचं?" अप्पांनी विचारलं होतं.

त्याचं उत्तर तेव्हा नुकतंच बाजारात आलं होतं. नाकातून वास टिपणाऱ्या नसांच्या वाटेनं थेट मेंदूत पोचणारं औषध. मुठीत मावेल असं यंत्र, त्यातून वाफेचा एक बारीक झोत. औषध तिथल्या पेशींना अडीच तास पुन्हा ऐकू आणतं, मग उतरतं. दिवसातून एकदाच घ्यायचं. दोनदा घेतलं तर पेशी त्यालाही सरावतात. आणि रक्तातली साखर नव्वद ते एकशे साठच्या मध्ये असली तरच यंत्राचा हिरवा दिवा लागतो. नाहीतर पिवळा लागतो आणि ते दिवसभर उघडतच नाही. कंपनीनं ठेवलेलं लांबलचक नाव कुणी घेतलं नाही. लोक त्याला फुंकर म्हणू लागले.

दोन वर्षांत घराघरांतल्या रीती बदलल्या. माफी फुंकरीत मागावी, भांडण फुंकरीबाहेर उरकावं, असं लोक सर्रास बोलू लागले. मृत्युपत्रावर सही करण्यापूर्वी फुंकर घेतल्याचा दाखला लागू लागला. याच गल्लीतल्या एका सुनेनं सासूला वीस वर्षांचं साठलेलं सगळं एका दुपारी सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गरम थालीपीठ वाढलं. सासू आजही तिचं कौतुक करत असते.

"औषध फक्त दार उघडतं," मगदूमबाईंनी निघताना सांगितलं होतं. "आत काय न्यायचं, ते घरच्यांनी बघायचं."

अप्पा ते बघत होते. ते पाटबंधारे खात्यातले. उभी हयात कृष्णेच्या पाण्याची पातळी वाचण्यात गेली; पावसाळ्यात तर दर तासाला. त्याच शिस्तीनं ते रोज साडेसातला यंत्र घेऊन आईसमोर बसायचे. मग तिला वर्तमानपत्र वाचायला द्यायचे, पुण्याला ऋजुताला फोन लावून द्यायचे, गल्लीतली बित्तंबातमी सांगायचे. आईच्या डोक्यातली गेली दोन वर्षं अशी अडीच-अडीच तासांनी त्यांनी भरलेली होती.

दहा फेब्रुवारीला पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागलं. ऋजुता योगायोगानं सांगलीतच होती. पुण्यात ती पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम करी. ते काम कुठूनही करता येई, आणि आठवडाभर आईच्या हातचं खावं म्हणून ती आली होती. रुग्णवाहिकेत अप्पांजवळ तीच बसली. आठच्या आत सगळं आटोपलं होतं. त्या धांदलीत आईची फुंकर राहिली.

अकराच्या सुमारास घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि असा आवाज काढला, जो ऋजुतानं आयुष्यात ऐकला नव्हता. दोन वाजता आईनं विचारलं, "हे जेवायला आले नाहीत अजून?" तिनं पुन्हा सांगितलं. तोच आवाज. पाच वाजता पुन्हा. त्यानंतर आईनं विचारलं तेव्हा ऋजुता म्हणाली, "येतील एवढ्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिनं स्वतः फुंकर दिली. हिरवा दिवा लागला. आईचा चेहरा नेहमीसारखा उजळला, नजर नेमकी झाली. "हे कुठायत?" तिनं विचारलं. आता सांगितलं की ते राहणार होतं. ऋजुतानं तोंड उघडलं आणि म्हणाली, "बाजारात गेलेत."

मग ते तसंच पडत गेलं. उद्या सांगू, असं ती रोज ठरवी. शेजाऱ्यांना तिनं हात जोडून गप्प केलं होतं. अप्पांच्या फोटोला हार घातला नव्हता. अग्नी तिनंच दिला होता. दहाव्याला हरिपूरच्या संगमावर ती गेली तेव्हा आईपाशी शेजारीण बसली होती, आणि ऋजुता भाजी आणायला गेली आहे असं तिनं आईला सांगितलं होतं. पुढचे सगळे विधीही हरिपुरात, विमलआत्याच्या घरीच व्हायचे होते. आत्या अप्पांची धाकटी बहीण. रोज साडेनऊला तिच्याकडून जेवणाचा डबा यायचा.

आईला धक्का सोसणार नाही म्हणून आपण गप्प आहोत, असं ऋजुता सगळ्यांना सांगत होती. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. दुपारी आई अप्पांबद्दल वर्तमानकाळात बोले. यांना कारल्याची भाजी आवडत नाही. हे छत्री विसरतात. यांना म्हणावं, आता टाचेला भेगा पडल्यात, मलम लावत जा. ऋजुता मुद्रितं बाजूला सारून ऐकत राही. अप्पा जगात आणखी कुठेही उरले नव्हते, फक्त आईच्या डोक्यात ते अजून चपला घालून बाजारात गेलेले होते. ती जागा बंद करायला तिचा हात धजत नव्हता.

पाच-सहा दिवसांनी आईचं विचारणं कमी झालं. ऋजुताला हायसं वाटलं, आणि थोडं चुकल्यासारखंही. मग सकाळी फुंकरीतही तीच आपण होऊन म्हणू लागली, "अप्पा येतील हं एवढ्यात."

"हो," आई म्हणायची आणि तिच्याकडे बघत राहायची.

बाराव्या दिवशी संध्याकाळी विमलआत्या आली. आई आतल्या खोलीत पडली होती. आत्यानं पदरानं कपाळ पुसलं आणि आवाज खाली आणून सरळ विषयालाच हात घातला.

"उद्या तेरावा. गोडाचं जेवण माझ्याकडं. वहिनीला सांगितलंस का?"

"नाही."

"कधी सांगणार? वर्षश्राद्धाला?"

"आत्या, ती कोसळेल."

"कोसळू दे की. नवरा तिचा गेला, आणि तिलाच सुतक नाही? आम्ही सगळी बारा दिवस रडून मोकळी झालो. तिनं कधी रडायचं?"

"ती रडलीये. तीनदा."

"ते तिच्यापाशी कुठं राहिलंय? ते तुझ्यापाशी राहिलंय." आत्या थांबली. मग ऋजुताच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "हे बघ, मी काही शिकलेली नाही तुझ्यासारखी. पण उद्या दुपारी माझ्या दादाच्या नावानं पान वाढायचं, आणि त्याची बायको इथं त्याची वाट बघत बसलेली, हे मला नाही जमायचं. सकाळी तिच्या फुंकरीत सांग. साडेनऊला मी न्यायला येते दोघींना."

ऋजुतानं सांगते म्हटलं. म्हणताना तिला तसंच वाटत होतं.

सकाळी पावणेसातला ती स्वयंपाकघरात चहा करत होती. आईच्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या पट्टीनं रात्रभरचे आकडे यंत्राकडे पाठवलेले होते. शेवटचा आकडा एकशे चोवीस. पाऊण तासानं हिरवा दिवा लागणार होता. चहाला उकळी आली. ऋजुतानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि वरच्या फळीवरचा डबा खाली काढला. दोन चमचे. मग आणखी एक. एकशे साठच्या वर जायला तेवढं पुरे होतं. दिवा पिवळा लागेल, यंत्र उघडणार नाही, आज सांगता येणार नाही. यात कुणाचाच दोष नसेल. एखाद्या दिवशी साखर चढतेच.

तिनं कप आईच्या हातात दिला आणि समोर बसली. आपला चेहरा कसा दिसत असेल, याचा ती विचार करत होती.

आईनं एक घोट घेतला. थांबली. घोट गिळला आणि कप बशीत ठेवला.

"गोड आहे."

"असं? चुकून पडली असेल."

"चुकून?" आई म्हणाली. "तो डबा पंचवीस वर्षं वरच्या फळीवर आहे. स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोचत नाही, तुझाही नाही. चुकून कुणी स्टुलावर चढत नाही, ऋजू."

आई कपाकडे बघत होती. मग तिनं बोटं मिटली, उघडली, जणू काही मोजत असावी.

"आज बावीस तारीख. म्हणजे तेरावाच की. तेराव्याचं गोड दिलंस होय मला?"

स्वयंपाकघरात गॅस चालूच राहिला होता. ऋजुता उठली, तो बंद करून आली आणि परत बसली. फुंकर अजून झालेली नव्हती. या वेळेला आईला कालची दुपारसुद्धा आठवायला नको होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. सकाळचं माझ्यापाशी राहतं, हे तूच विसरलीस. तुम्ही सांगता तेवढंच राहतं असं थोडंच आहे? दिसतं तेही राहतं." आईचा आवाज वर्गात असायचा तसा सावकाश होता. "नऊ तारखेचा पेपर मी वाचला. त्यानंतर एकदम अकराचा. दहाची सकाळ माझ्याकडे नाहीच. यांनी दोन वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. अकरापासून फुंकर तू देतेस, आणि हे रोज साडेसातला बाजारात. सांगलीत साडेसातला कुठला बाजार भरतो?"

"आई..."

"ऐक तर. वन्संकडून डबा यायचा. मी झाकण उघडून बघायची. वरण बिनफोडणीचं. पहिल्या दिवशी म्हटलं, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. वन्संच्या हातचं वरण, आणि त्याला फोडणी नाही? पंधरा तारखेला माझी खात्री झाली."

बारा दिवस सगळ्या गल्लीला गप्प ठेवलं होतं, आणि डब्यातलं वरण बोलून गेलं होतं. सुतकात फोडणी द्यायची नाही हे आत्याच्या हाताला इतकं सवयीचं, की ते लपवायला हवं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ऋजुताच्याही नाही, ती तेच वरण रोज आईच्या ताटात वाढत होती.

"मग तू विचारलं का नाहीस?" ती म्हणाली. "पंधरापासून आज बावीस."

"तू रोज सकाळी म्हणायचीस, अप्पा येतील एवढ्यात. मी विचारलं नाही तरी म्हणायचीस. म्हणताना तुझा चेहरा बरा दिसायचा." आईनं कप आणखी लांब सारला. "म्हटलं, असू दे. हिला अजून हवंय ते."

ऋजुताला एकदम रडू आलं. रुग्णालयात आलं नव्हतं, संगमावर आलं नव्हतं. आईनं तिला थोपटलं नाही, थांबवलंही नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"आता ते यंत्र आण. एका घोटानं काही चढत नाही साखर. मी ताडलेलं आहे, पण ताळा अजून करायचाय. मला सगळं नीट सांग, पहिल्यापासून. ते राहायला पाहिजे माझ्यापाशी."

साडेसातला आकडा एकशे एकतीस होता. दिवा हिरवा लागला.

ऋजुतानं सांगितलं. आई प्रश्न विचारत होती. किती वाजता उठले? अंगात काय होतं? तो निळा स्वेटर ना, कोपराला विरलेला? घाम आला होता का? हात कुणी धरला होता? डॉक्टर काय म्हणाले? एकेका उत्तराला ती मान हलवत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलं नाही. त्या दिवशीचा आवाज मात्र तिनं काढला नाही.

"शेवटी काही बोलले?"

हे ऋजुतानं आत्यालाही सांगितलं नव्हतं. "रुग्णवाहिका पुलावर होती. मला म्हणाले, किती वाजले. मी सात पंचवीस म्हटलं. तर म्हणाले, अगं, हिची फुंकर राहिली."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

आईच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी आलं. "मरतानासुद्धा घड्याळ," ती म्हणाली. "लग्नात मंगलाष्टकं लांबली म्हणून भटजींना घड्याळ दाखवलं होतं या माणसानं." मग तिनं ऋजुताचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. ऋजुता म्हणाली, "मी तीन चमचे घातले होते." आई म्हणाली, "ते कळलं मला. पाकच होता तो."

साडेनऊला आत्या बिनचालकाच्या रिक्षानं आली. दारातच तिनं वहिनीचा चेहरा पाहिला आणि जे समजायचं ते समजली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग आई म्हणाली, "वन्सं, आज तरी वरणाला फोडणी दिलीत का?" आत्यानं ऋजुताकडे बघितलं, मग कपाळावर हात मारून घेतला.

हरिपुरात पंगत बसली. आईनं खीर चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेला लावली आणि उरलेली वाटी ऋजुतापुढे सरकवली. "खा," एवढंच म्हणाली. दहा कधीच वाजून गेले होते.

परत येताना ऋजुता आईच्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होती. मगदूमबाई कितीही सांगोत, फुंकरीत पडलेलं राहतं हे खरं असलं, तरी इतकं मोठं काही त्यात कुणी घालून पाहिलं होतं? घरी येऊन आई तासभर झोपली. उठली, तोंड धुतलं, बाहेरच्या खोलीत येऊन बसली. सुरुवातीच्या दिवसांत याच वेळेला, नुकती उठल्यावर, ती अप्पांबद्दल विचारत असे. ऋजुता स्वयंपाकघरात डबे धूत होती आणि पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक करून कान देत होती.

अप्पांचा फोन वाजला. तो बंद करायचा राहिला होता, टेबलावरच होता. ऋजुता हात पुसत बाहेर येईपर्यंत आईनं तो उचललाही होता.

"कोण? येलूरकर भाऊजी होय," आई म्हणाली. येलूरकर म्हणजे अप्पांचे कोयनानगरचे सोबती. तिकडे धरणावर पाणी मोजायला असत. वर्षातून एकदोनदा त्यांचा फोन यायचा. "नाहीत हो. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. गेले ते."

ऋजुता दारातच थांबली.

"दहा तारखेला. सकाळी. हृदयाचं झालं... नाही, फार त्रास नाही झाला. ऋजू होती ना जवळ, हात धरून. पुलावर असताना म्हणाले, हिच्या औषधाची वेळ झाली." ती ऐकत राहिली. पलीकडून बराच वेळ काही शब्द येत नसावेत. "भाऊजी, आधी खाली बसा बघू. बसलात? घरात कोण आहे तुमच्यापाशी? सुनेला म्हणावं, पाणी दे."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ऋजुता येऊन आईच्या शेजारी बसली. येलूरकरांना कंठ फुटला होता आणि ते कुठलीतरी लांबलचक आठवण सांगत होते. फोनमधून त्यांचा बारीक, घोगरा आवाज ऐकू येत होता. आई मधूनमधून हो ना, हो ना म्हणत होती. मग तिच्या भुवया वर गेल्या.

"छे हो," ती म्हणाली. "जीप यांनी नाही, तुम्हीच घातली होती खड्ड्यात. मी होते की मागे बसलेली."